मारुतीचा कारखाना आणि कामाचा मोबदला

१९८० साली भारतात वर्षभरात तयार होणाऱ्या मोटारींची संख्या तीस हजारांच्या आसपास होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची पद्मिनी, आणि मद्रासला स्टँडर्ड कंपनी, जिची मोटार तोवर रस्त्यावर क्वचितच दिसे. गिऱ्हाईक नव्हते म्हणून आकडा एवढा लहान राहिला, असे नाही. गिऱ्हाईक रांगेत उभे होते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कारखान्याने किती माल काढायचा तो आकडा परवान्यावर लिहिलेला असे आणि परवानगीवाचून तो ओलांडणे हा गुन्हा होता. १९६९ मध्ये मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा आला. तेव्हापासून मोठ्या उद्योगघराण्यांना क्षमता वाढवायची तर दिल्लीतले आणखी एक दार ठोठावावे लागू लागले.

या व्यवस्थेत कष्टाला फळच नव्हते असे सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. फळ होते, पण वेगळ्या कष्टाला होते. अँबॅसिडरचे इंजिन सुधारणाऱ्या इंजिनिअरमुळे कंपनीची एकही गाडी जास्त खपणार नव्हती, कारण निघेल तेवढी गाडी आधीच विकली गेलेली असे. उलट, दिल्लीच्या उद्योग भवनात आपली फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे हे ज्याला ठाऊक, त्या माणसाचे मोल कंपनीला मोठे होते. म्हणून कॅनॉट प्लेसच्या परिसरात देशभरातल्या कंपन्यांनी लायझन कार्यालये थाटली. तिथे माल तयार होत नसे, मालाची परवानगी तयार होई. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबॅसिडर आणि फियाट ११०० वरून आलेली पद्मिनी तीन-तीन दशके जवळपास त्याच रूपात निघत राहिल्या, त्यात आळसापेक्षा हिशेबच जास्त होता.

मराठी वाचकाला हा हिशेब आकुर्डीच्या बजाज चेतकवरून चांगला कळेल. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरसाठी नोंदणी करून आठ-दहा वर्षे थांबणे ही नेहमीची गोष्ट होती. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले, तर मात्र गाडी लवकर मिळे. नंबर लागला की पुष्कळ जण गाडी घरी न आणता जादा पैसे घेऊन दुसऱ्याला देऊन टाकत. स्कूटर बनवणाऱ्या कामगाराला त्या ‘ऑन’मधला एक पैसा मिळत नसे, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. तो मिळे ज्याच्या हाती पावती होती त्याला. थांबून राहणे हाच एक धंदा झाला होता.

कारखान्याच्या आतली घडीही याला साजेशीच होती. पगार काळावर ठरलेला, महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला, बढती सेवाज्येष्ठतेने. १९६५ च्या बोनस कायद्यामागे नफ्यात कामगाराचा वाटा ही कल्पना होती. पण किमान ८.३३ टक्के बोनस तोट्यातही द्यायचा आणि २० टक्क्यांच्या वर द्यायचा नाही, असे ठरल्यावर दिवाळीचा बोनस हा एक महिन्याचा राखून ठेवलेला पगारच बनला. त्यात कामगाराचा दोष काढणे सोपे आहे. पण जास्त माल काढायला मालकालाच मनाई असताना कामगाराने जास्त माल कशासाठी काढावा, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

छोट्या, स्वस्त ‘जनता मोटारी’ची योजना सरकारदरबारी पन्नासच्या दशकापासून घोळत होती. १९७० मध्ये वर्षाला ५०,००० गाड्यांचे इरादापत्र पंतप्रधान इंदिरा गांधींचे पुत्र संजय गांधी यांना मिळाले, १९७१ मध्ये मारुती लिमिटेड स्थापन झाली आणि दिल्लीजवळ गुडगावला हरियाणा सरकारच्या मेहरबानीने जमीनही मिळाली. परवाना, जमीन आणि सत्ता अशा त्या काळातल्या तिन्ही दुर्मीळ गोष्टी एकाच कंपनीकडे होत्या. नव्हती ती मोटार. काही नमुने निघाले, पण रस्त्यावर धावेल आणि विकता येईल अशी गाडी झाली नाही. १९७८ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. जून १९८० मध्ये संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढून सरकारने तो बंद कारखाना ताब्यात घेतला आणि २४ फेब्रुवारी १९८१ रोजी मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी नोंदली गेली.

या कंपनीचा पत्ता पुढे कितीतरी वर्षे होता: अकरावा मजला, जीवन प्रकाश, २५ कस्तुरबा गांधी मार्ग. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे उतरणारा हा रस्ता इंग्रजांच्या काळात कर्झन रोड होता. जीवन प्रकाश ही आयुर्विमा महामंडळाची इमारत, त्या काळी दिल्लीत उठलेल्या उंच कार्यालयी इमारतींपैकी एक. आता याच रस्त्यावर नवे महाराष्ट्र सदन आहे, त्यामुळे दिल्लीत काम निघालेल्या मराठी माणसाचे पाय इकडे वळतातच. पण आपण सरकारी कंपनीच्या एका विलक्षण प्रयोगाच्या कचेरीवरून चाललो आहोत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रयोग चालवणारी माणसेही सरकारीच होती. व्ही. कृष्णमूर्ती भेल या सरकारी कंपनीचे प्रमुख आणि नंतर अवजड उद्योग खात्याचे सचिव होते. आर. सी. भार्गव आय.ए.एस. अधिकारी, ते मारुतीत विपणन सांभाळायला आले आणि १९८५ नंतर बारा वर्षे कंपनीचे मुख्य सूत्रधार राहिले. दोघांचे पगार सरकारी श्रेणीतले, गाड्या जास्त खपल्या म्हणून वाढणारे नव्हते. पैशाखेरीज माणूस राबत नाही असे मानणाऱ्यांना इथे थोडे अडखळावे लागते. या दोघांना मिळाली ती मोकळीक, खात्यातल्या कोणत्याही सहसचिवाला न मिळणारी. माणसे निवडण्याची, पुरवठादार ठरवण्याची, जपान्यांशी बोलणी करण्याची. सरकारी नोकराला मोकळीक हेही मोठे बक्षीस असते.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला. सुझुकीचा वाटा २६ टक्के, पुढे ४० टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा. बाकी भारत सरकारचा. ही तारीख मुंबईत उभे राहून पाहिली तर वेगळी दिसते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप तेव्हा नवव्या महिन्यात होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते, गिरणगावातले माग थांबले होते. आणि दिल्लीत सही करणारी सुझुकी कंपनी मूळची मागच बनवणारी: मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सुला यंत्रमागांचा कारखाना काढला होता आणि कापडाचा धंदा मंदावल्यावर कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकली आणि मोटारींकडे वळली. कापड विटले की दुसरे काही करायचे, ही वाट तिथे मालकालाही होती आणि कामगारालाही. परळ-लालबागला ती दोघांनाही सापडली नाही. मालकाला पुढे जमिनीत सापडली, पण ती वेगळी गोष्ट.

गाडी यायच्या आधी नोंदणी आली. १९८३ च्या उन्हाळ्यात दहा हजार रुपये अनामत भरून मारुतीसाठी सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे घातली. म्हणजे देशात वर्षाला निघत होत्या त्याच्या तिप्पट-चौपट गाड्या, कोणी अजून पाहिलेल्याही नाहीत अशा. क्रम संगणकाने चिठ्ठ्या काढून ठरवला. वशिल्याशिवाय क्रम ठरणे दिल्लीत एरवी अशक्यच वाटले असते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत ५० हजारांच्या आत. जुनी सवय लगेच सुटली नाही: सुरुवातीला मारुतीचीही पावती नफा घेऊन फिरवली गेली. फरक असा की यावेळी रांग पुढे सरकत होती. पहिल्या मॉडेलनंतर १९८४ मध्ये व्हॅन, १९८५ मध्ये जिप्सी, १९८६ मध्ये नव्या बांधणीची ८०० आली, आणि कारखान्याची क्षमता वर्षाला एक लाखाच्या दिशेने गेली. कमी इंधन खाणाऱ्या छोट्या गाड्यांना सरकारने करसवलतही दिली. जुन्या कंपन्यांनी त्याबद्दल कुरकुर केली, आणि ती अगदीच खोटी नव्हती: सरकार पंचही होते आणि खेळाडूही.

गुडगावच्या कारखान्यात ज्या गोष्टीने लोक चकित झाले ती यंत्रे नव्हती, जेवणाची रांग होती. सरकारी कारखान्यात साहेबांचे कॅन्टीन वेगळे, बाबूंचे वेगळे, कामगारांचे तिसरे असा शिरस्ता. इथे एकच कॅन्टीन, एकच जेवण, आणि हातात स्टीलचे ताट घेऊन एकाच रांगेत व्यवस्थापकीय संचालक, हिशेबनीस आणि वेल्डर. सर्वांना एकाच राखी रंगाचा गणवेश. केबिनच्या भिंती नाहीत. एका मोठ्या दालनात टेबले मांडलेली, कोण कामावर आहे आणि कोण नाही ते सगळ्यांना दिसणारे. पाळी सुरू होण्याआधी कामगार जागेवर हजर, थोडा व्यायाम, मग जुळणीचा पट्टा सुरू. सुझुकीचे प्रमुख ओसामु सुझुकी या बाबतीत हट्टी होते, आणि भारतीय अधिकाऱ्यांपैकी काहींना कारखान्यातल्या घामापेक्षा ताट घेऊन रांगेत उभे राहणे जड गेले म्हणतात.

कामगार मुद्दाम तरुण घेतले: आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले, दुसऱ्या कारखान्याची सवय न लागलेले. त्यातल्या बऱ्याच जणांना शिकायला जपानला पाठवले. हरियाणातल्या खेड्यातला विशी-बाविशीचा मुलगा पासपोर्ट काढून हामामात्सुला जातो, हे त्याच्या गावात लग्नाच्या बाजारात बोलले जाणारे भांडवल होते. काम सुधारण्याच्या सूचना लिहून देण्याची पद्धत होती. नट ठेवायची पेटी डावीकडून उजवीकडे आणली की दोन पावले वाचतात, अशा त्या सूचना. छोटे बक्षीस मिळे. त्याहून मोठे म्हणजे आपण सांगितलेली पेटी दुसऱ्या दिवशी खरोखरच उजवीकडे दिसे.

यात मोबदल्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची. गिरणीत विणकर कापडाच्या मापावर पैसे मिळवी. त्याचे दोन माग, त्याचे कापड, त्याची कमाई. मोटारीच्या पट्ट्यावर हे चालत नाही. सर्वांत चपळ कामगारालाही पट्ट्याच्या पुढे जाता येत नाही आणि सर्वांत मंद माणूस सगळ्यांना अडवतो. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुतीने उत्पादकतेशी जोडलेली जी प्रोत्साहन योजना आणली ती सामूहिक होती. तेवढ्याच माणसांत कारखान्यातून जास्त गाड्या बाहेर पडल्या की पगाराच्या पाकिटात भर पडे. त्याशिवाय हजेरीचे पैसे वेगळे. एकाने दांडी मारली तर शेजारचा रागावे, कारण नुकसान त्याचेही होते. पर्यवेक्षकाचे निम्मे काम अशा रीतीने शेजाऱ्याने केले. हे चांगले की वाईट, याचे उत्तर तुम्ही पट्ट्याच्या कोणत्या टोकाला उभे आहात यावर अवलंबून.

गुडगावच्या भोवती दुसरी हालचालही चालू होती. १९८५ नंतर येनचा भाव चढला आणि जपानहून सुटे भाग आणणे महाग पडू लागले, तेव्हा देशी पुरवठादार उभे करणे हा तत्त्वाचा नव्हे तर पोटाचा प्रश्न झाला. सीट, सुकाणू, पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत मारुतीने स्वतः भांडवल घातले. सोना स्टीअरिंग, भारत सीट्स, जय भारत मारुती ही त्यातली नावे. खरेदीची हमी होती, पण मालही वेळेवर आणि निर्दोष द्यावा लागे, नाहीतर ऑर्डर कमी होई. सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला कंत्राट, हा सरकारी खरेदीचा नियम सरकारचीच बहुसंख्य मालकी असलेल्या या कंपनीने बाजूला ठेवला. ज्या गावाच्या नावाचा उच्चार दिल्लीकर नाक मुरडून करत, ते गुडगाव एका पिढीत कारखान्यांच्या शहरात बदलले.

एवढे सगळे घडले तेव्हा मालक सरकार होते, बाजार जवळजवळ बंद होता आणि स्पर्धक झोपलेले होते, हे लक्षात ठेवायला हवे. मारुतीचे यश खाजगीकरणाचे म्हणून सांगितले जाते. तारखा तसे म्हणत नाहीत. जुलै १९९१ मध्ये परवानापद्धती बहुतेक उद्योगांतून गेली, मोटारींवरची १९९३ मध्ये. सुझुकीचा वाटा १९९२ मध्ये ५० टक्के झाला. तोवर देशातल्या रस्त्यांवर नवी दिसणारी बहुतेक मोटार मारुतीचीच असे. मालकी बदलायच्या आधी नियम बदलले होते: जास्त काढले तर जास्त मिळेल, हे अधिकाऱ्याला, कामगाराला आणि पुरवठादाराला, प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळले होते.

मग स्पर्धा आली. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची पुण्यात बनलेली इंडिका. सरकार आणि सुझुकी यांच्यात व्यवस्थापकीय संचालक कोणी नेमायचा यावरून १९९७ मध्ये जाहीर भांडण झाले. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच प्रोत्साहन योजनेवर वाद पेटला, जिच्या बळावर कारखाना उभा राहिला होता. गाड्या वाढल्या, पण त्या हातांमुळे की नव्या यंत्रांमुळे? कंपनीचे म्हणणे, यंत्रांत पैसा आमचा, तेव्हा जुने सूत्र चालणार नाही. कामगारांचे म्हणणे, यंत्र आले तसा पट्टाही वेगात धावू लागला, आणि तो वेग आमच्या मनगटात येतो. अशा सूत्रात ‘उत्पादकता’ हा एकच शब्द असतो, पण त्यात दोन मालक लपलेले असतात. हा प्रश्न योजना लिहिताना कोणी विचारला नव्हता, कारण तेव्हा वाटायला पुरेसे होते. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनीने कामगारांकडून चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून मागितले. ज्यांनी सही केली नाही ते फाटकाबाहेर राहिले. जानेवारी २००१ मध्ये हा तंटा मिटला. जुनी योजना परत आली नाही. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या आणि जपान पाहून आलेल्या पहिल्या फळीतले अनेक जण पैसे घेऊन घरी गेले.

मे २००२ मध्ये सरकारने नियंत्रण सुझुकीला दिले आणि त्याबद्दल एक हजार कोटी रुपये अधिमूल्य घेतले. २००३ मध्ये १२५ रुपयांना शेअर विकायला काढला गेला, २००७ मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडले आणि त्याच वर्षी कंपनीचे नाव मारुती सुझुकी इंडिया झाले. मुख्य कचेरीही कस्तुरबा गांधी मार्ग सोडून दक्षिण दिल्लीत वसंत कुंजला गेली.

त्या सुमारास गुडगावपासून थोड्या अंतरावर मानेसरला दुसरा कारखाना सुरू झाला होता. गणवेश तोच, कॅन्टीनची रांग तीच. पण मानेसरच्या पट्ट्यावर कायम कामगारांपेक्षा कंत्राटी, शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी यांची संख्या जास्त होती, आणि शेजारी शेजारी तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात मोठे अंतर होते. कायम कामगाराच्या पगाराचा मोठा भागही प्रोत्साहनाचा होता, म्हणजे हमी नसलेला. एक रजा पडली की त्यातून हजार-दीड हजार रुपये जातात, अशी त्यांची तक्रार होती. मिनिटाभरात एक गाडी पट्ट्यावरून उतरे. चहाची सुट्टी सात-साडेसात मिनिटांची. तेवढ्यात हातमोजे काढायचे, कॅन्टीनकडे धावायचे, एका हातात चहा, दुसऱ्यात समोसा, आणि तसेच स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहायचे, असे कामगारांनी बातमीदारांना सांगितलेले आहे. गुडगावला १९८४ मध्ये घड्याळाचे हेच काटे होते आणि त्याचे कौतुक होत होते. काटे बदलले नव्हते. त्या मिनिटांच्या बदल्यात कोणाला काय मिळते ते बदलले होते.

२०११ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मानेसरला तीन वेळा काम थांबले. स्वतःची वेगळी संघटना नोंदवू द्यावी ही पहिली मागणी होती. हमीपत्राचा कागदही पुन्हा एकदा पुढे आला. संघटना २०१२ च्या सुरुवातीला नोंदली गेली. १८ जुलै २०१२ रोजी एका निलंबनावरून सुरू झालेली बाचाबाची हिंसाचारापर्यंत गेली, कारखान्याच्या भागाला आग लागली आणि मनुष्यबळ विभागाचे एक महाव्यवस्थापक त्यात मृत्युमुखी पडले. अनेक अधिकारी जखमी झाले. महिनाभर टाळे लागले, ५४६ कायम कामगार बडतर्फ झाले. मार्च २०१७ मध्ये गुडगावच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना खुनाबद्दल जन्मठेप दिली. ११७ जण निर्दोष सुटले, त्यांतल्या कित्येकांनी तोवर काही वर्षे तुरुंगात काढली होती.

हिंसाचारानंतर दोनच महिन्यांत, सप्टेंबर २०१२ मध्ये, कंपनीने कायम कामगारांच्या पगारात तीन वर्षांसाठी भरघोस वाढीचा करार केला. उत्पादनाच्या कामात ठेकेदाराची माणसे घेणे बंद करण्याचेही ठरले. त्यांच्या जागी कंपनी स्वतःच हंगामी कामगार नेमू लागली, साधारण सात महिन्यांसाठी. मुदत संपली की घरी जायचे, पुढे कधी बोलावणे आले तर पुन्हा यायचे. गिरणगावात अशा माणसाला बदली कामगार म्हणत. तो पहाटे गिरणीच्या फाटकावर येऊन उभा राही आणि कोणी कायम कामगार गैरहजर निघाला तर त्या दिवसापुरता आत जाई. मानेसरला बोलावणे मोबाइलवर येते.